सेक्टर २९ मधील आगामी आकर्षणे

या शनिवार-रविवारी गुरुग्राममध्ये काय पाहावं, असं विचारणाऱ्या मराठी वाचकांना आमची शिफारस: जाहिरात पाहावी. प्रयोगाचं सांगता येत नाही, जाहिरात मात्र नक्की झालेली असते.

नाटकाचं वेड असलेला इथला माणूस मुळात दिल्ली गाठतो. पिवळ्या मेट्रोने राजीव चौक, तिथून निळीने मंडी हाऊस. उतरलं की कमानी, श्रीराम सेंटर, राष्ट्रीय नाट्य विद्यालय, सगळं पायी. गुरुग्रामनेही एकदा हौस करून पाहिली. २०१० साली सेक्टर २९ मध्ये ‘किंगडम ऑफ ड्रीम्स’ हे मनोरंजन संकुल उभं राहिलं, तिथल्या ‘नौटंकी महल’मध्ये ‘झंगूरा’ हे नाटक लागलं आणि नट तारांना लटकून हवेत उडू लागले. २०२२ च्या जुलैत थकबाकी शंभर कोटींच्या पुढे गेल्यावर हरियाणा शहरी विकास प्राधिकरणाने सील ठोकलं. आपल्याकडे नाट्यनिर्माता बुडतो तो बायकोचे दागिने गहाण टाकून. शंभर कोटींपर्यंत उधारी मिळणं, याला महानगर म्हणतात.

उरली स्टँडअप कॉमेडी. तिला नेपथ्याचा टेम्पो लागत नाही, प्रॉम्प्टर लागत नाही. एक माईक, एक स्टूल, पाण्याची बाटली आणि बारचा कोपरा मिळाला की झालं. मांडायला इतकी सोपी गोष्ट गुंडाळायलाही सोपीच. २०२१ च्या डिसेंबरातल्या इथल्या कॉमेडी महोत्सवातून आयोजकांनी स्टँडअप कलाकार मुनव्वर फारुकींचं नाव आधीच गाळून टाकलं. पुढच्या सप्टेंबरात दुसरे स्टँडअप कलाकार कुणाल कामरा सेक्टर २९ मधल्या एका बारमध्ये १७ आणि १८ तारखेला येणार होते. विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलाने उपायुक्तांना निवेदन दिलं, प्रयोग रद्द.

खरं तर निवेदन हाच इथला अस्सल नाट्यप्रकार, आणि त्याची समीक्षा कोणी करत नाही याचं वाईट वाटतं. पात्रं मोजकी, संहिता एका पानाची, प्रयोग कार्यालयीन वेळेत, मध्यंतर नाही. प्रवेश विनामूल्य, त्यामुळे पाचशेच्या वरच्या तिकिटावरचा १८ टक्के जीएसटीही नाही. नटांनी विनोद ऐकलेला असण्याची अट नाही. आधी विनोद ऐकायचा आणि मग भावना दुखवून घ्यायच्या, ही हौशी मंडळींची रीत झाली. व्यावसायिक रंगभूमीवर भावना तालमीतच दुखावून तयार असतात.

या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा थोर. आपल्याकडे रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आहे, ते आधी संहिता वाचतं. ‘सखाराम बाइंडर’ हे नाटक १९७२ मध्ये या मंडळाच्या कचाट्यात अडकलं, आणि दिग्दर्शक कमलाकर सारंगांनी उच्च न्यायालयात जाऊन ते सोडवलं. अडवणाऱ्यानेही वाचावं, असा तो काळ होता. आता आपणही वेळ वाचवतो. मार्च २०२५ मध्ये एकनाथ शिंदेंवरच्या कामरांच्या विडंबनगीतावरून शिवसैनिकांनी मुंबईत खारच्या ‘हॅबिटॅट’मधल्या खुर्च्या मोडल्या. कार्यक्रम केव्हाच होऊन गेला होता, कलाकार तिथे नव्हता, खुर्च्या मात्र हजर होत्या. दुसऱ्याच दिवशी महापालिकेला त्या जागेतलं अनधिकृत बांधकाम दिसलं आणि हातोडे आले. पालिकेची नजर एवढी तीक्ष्ण आहे हे खारच्या रहिवाशांना तेव्हाच कळलं असावं.

त्या मानाने गुरुग्राम सुसंस्कृत. इथे प्रयोग आधीच रद्द होतो, त्यामुळे फर्निचर शाबूत राहतं.

तेव्हा वाचकहो, तिकीट जरूर काढा. फक्त पैसे भरण्याआधी परताव्याच्या अटी नीट वाचा. या शहरातल्या विनोदी लेखनाचा तेवढाच भाग नक्की सादर होतो.