‘लेझर गेला’ म्हणे!

पाचगणीत पावसाळ्यात धुकं घरात शिरतं, मीठ पाघळतं, चपलांवर बुरशी येते. म्हणून कुणी चप्पल मेल्याचं जाहीर करत नाही. जुन्या सीडी प्लेअरने ‘नो डिस्क’ दाखवलं की मात्र निदान तयार असतं : लेझर गेला, नवीन घ्या. पुरावा? झाकणसुद्धा उघडलेलं नसतं. सुमारे 1300 मीटर उंचीवरच्या या दमट हवेत पहिला संशय घ्यायचा तो लेन्सवरच्या धुरकट थराचा. 780 नॅनोमीटरचा अदृश्य किरण त्यातून विस्कटतो आणि यंत्राला डिस्क दिसतच नाही. प्लग काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेला कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवला की पुष्कळदा भागतं. ट्रे अडतोय? रबरी पट्टा सैल पडलेला असतो. त्याचं खापरही लेझरवरच. त्यात स्क्रू फिरवून लेझरची ताकद वाढवणारे धन्वंतरी वेगळेच : रोगी काही दिवस ठणठणीत गातो, मग डायोड कायमचा जातो.

कुणी म्हणेल, सुटे भाग मिळत नाहीत, मजुरी परवडत नाही, आणि गाणी फोनवर आहेतच. लेझर खरोखर गेला असेल तर पहिला मुद्दा बिनतोड. पण न तपासताच तो गेला म्हणणं ही काटकसर नव्हे, विक्रीकला आहे. फोनचं म्हणाल, तर इथल्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीचा आवाज त्याच्याच पाचगणीत ऐकायला आता रेंज शोधत गच्चीवर जायचं, तेही छत्री घेऊन.