सांताचा रहिवासी दाखला

2013च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या फॉक्स न्यूजवर मेगिन केली या निवेदिकाबाईंनी बाळगोपाळांना ग्वाही दिली: सांता गोराच आहे. ओघात येशूलाही गोऱ्यांत बसवलं. बेथलेहेमात जन्मलेलं ज्यू आईचं पोर ते! बोंबाबोंब झाल्यावर बाई म्हणाल्या, सांताचं गमतीत बोलले. येशूचं म्हणाल तर ते अजून ठरायचंय.

ज्यांच्यावरून सांता बेतला, ते संत निकोलस चौथ्या शतकातले, मायराचे बिशप. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं देमरे. भाषा ग्रीक, अंमल रोमचा, हवा भूमध्य समुद्राची. रेनडिअर औषधालाही नाही. 1087मध्ये बारीच्या खलाशांनी त्यांच्या अस्थी इटलीला पळवल्या. म्हणजे मूळ गाव तुर्कस्तान, हल्ली मुक्काम इटली, आणि पोरांची पत्रं जातात फिनलंडला. कुठला तलाठी देईल दाखला?

देमरेत रशियानं भेट दिलेला संताचा ब्राँझचा पुतळा होता. 2005मध्ये नगराध्यक्षांनी तो हलवून तिथे लाल डगल्यातला प्लॅस्टिकचा सांता उभा केला. पर्यटक त्यालाच ओळखतात ना!

बाकी, रात्रभर धुराड्यांतून उतरणारा माणूस सकाळी कोणत्या रंगाचा दिसत असेल, हे फॉक्सवरच्या त्या चर्चेत कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.