मा. गुटखाशेठ यांस, सप्रेम

प्रति,
मा. श्री. गुटखाशेठ,
मु. पो. ज्याच्या त्याच्या गालात, नायगाव, जि. नांदेड.

पत्रास कारण की, आपल्या कर्तृत्वाची निम्मीच दखल घेतली गेली, याची आम्हा नायगावकरांना खंत वाटते. आपलं नाव काढलं की लोकांना तोंडाचा कॅन्सर तेवढा आठवतो. आपली पोच थेट काळजापर्यंत, पण विनय एवढा की कधी बोलून दाखवलं नाहीत!

काम तर किती नेटकं. धूर नाही, काडेपेटी नाही. पुडी गालात धरली की निकोटीन तोंडाच्या अस्तरातून रक्तात झिरपतं, आणि चुना त्याची वाट मोकळी करून देतो. नाडी पळते, रक्तवाहिन्या आवळतात, दाब चढतो. एक पुडी विरते न विरते तोच दुसरी फुटते. टपरीच्या बाकड्यावर बसल्या बसल्या हृदयाला एवढा व्यायाम मिळत असताना सकाळी नरसी रोडला फिरायला कोण मरायला जाईल?

५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासानेही आपली थोरवी मान्य केली. तंबाखू चघळणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून अधिक, आणि चघळून वर विडी-सिगारेटही ओढणाऱ्यांना सुमारे चौपट, असं २००६ साली छापून आलं. आमच्याकडे अशा माणसाला शौकीन म्हणतात.

त्याच अभ्यासात दिसलं, की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी येतो, इतरांना ५९व्या. सहा वर्षं आधी! हे सगळं एकट्या आपलं नव्हे. पापड-लोणच्यातलं मीठ, भज्यांचं तेल, वाढलेली साखर यांचाही हातभार आहे. पण ती मंडळी निदान पोटात तरी जातात. आपण थुंकले जाऊनही काम फत्ते करता.

आपली खरी करामत दवाखान्यात दिसते. डॉक्टर विचारतात, “काही व्यसन?” माणूस पुडी गालाच्या कोपऱ्यात सरकवून शपथेवर सांगतो, “छ्या! माळकरी हाव. निस्ती पुडी.” व्यसनांच्या यादीतून असं अलगद सुटणं दारूला आजवर जमलेलं नाही.

छातीत कळ आली तरी आपल्यावर संशय नको म्हणून आम्ही गॅस म्हणतो, सोडा पितो, ओवा चावतो. मग १०८ला फोन, मग विष्णुपुरीचं मेडिकल कॉलेज. तोवर हृदयाचा किती भाग मेला, ते तिथले डॉक्टर तपासून सांगतात.

आणि कायद्याशी आपले संबंध! २००२ साली राज्याने आपल्यावर बंदी घातली, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात आपण सुटलात, २०१२ साली पुन्हा बंदी. हा आदेश एकेका वर्षाचा असल्याने तो दरवर्षी नव्याने काढावा लागतो. वाढदिवस सरकारने साजरा करावा, असं भाग्य भल्याभल्या पुढाऱ्यांना लाभत नाही. शेजारी तेलंगण, कर्नाटक, तिथेही बंदी. तरी माल टपरीवर वेळेवर हजर. आमची एसटी एवढी वेळ पाळत नाही.

फक्त एक विनंती. यंदा बंदीचा आदेश निघाला की त्याची एक प्रत स्टँडासमोरच्या टपरीवर, पुड्यांच्या माळेशेजारीच टांगावी. गिऱ्हाइकांना वाचायला सोपं जाईल.

कळावे, लोभ आहेच. तो जरा कमी व्हावा.

आपला,
(बीपीची गोळी घेऊन)
एक नायगावकर