नकोशा रेषांचं काय करावं

मे महिना संपत आलेला, भंडारदऱ्याचा परिसर, अमावास्येच्या आसपासची रात्र. वर आकाशगंगा, खाली काजव्यांनी भरलेली झाडं, कार्डात शंभरेक फ्रेम. घरी येऊन पाहावं तर आकाशभर ओरखडे. घाबरून जाऊ नये. पुढील मार्गदर्शन शांत चित्ताने वाचावं.

आधी गुन्हेगार ओळखावा. ठिपक्याठिपक्यांची रेघ, कडेला लाल-हिरवं काही, म्हणजे विमान. बारीक, एकसारख्या जाडीची रेघ म्हणजे उपग्रह. पुढच्या फ्रेममध्ये तीच रेघ जराशी जागा सोडून पुढे चालू झालेली दिसली की खात्री पटते. ओळीने माळ निघाली असेल तर नुकतेच सोडलेले स्टारलिंक. मे २०१९ मध्ये पहिल्या खेपेला ६० गेले, आता हजारोंनी आहेत. दोन्ही टोकांना निमुळती, हिरवट झाक असलेली आणि एकाच फ्रेममध्ये आलेली रेघ म्हणजे उल्का. हिला हात लावायचा नाही. शंका असेल तेव्हाही उल्काच समजावी, कॅप्शनला बरं पडतं.

उपग्रहांना स्वतःचा उजेड नसतो, ते सूर्याचा परतवतात. साडेपाचशे किलोमीटर उंचीवर ऊन आपल्या सूर्यास्तानंतरही दोनेक तास रेंगाळतं. मध्यरात्री डोक्यावरचे बहुतेक उपग्रह पृथ्वीच्या सावलीत गेलेले असतात, तेव्हा फोटो काढले तर बरंचसं काम फुकटात होतं. पण फुकटात झालेल्या कामाला दाद मिळत नाही. शिवाय काजवे ऐन भरात असतात ते अंधार पडल्या पडल्या. त्यामुळे ही सूचना नोंदीपुरती.

आता मुख्य विधी. वीस फ्रेम सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ताऱ्यावर तारा जुळवून एकावर एक रचाव्यात आणि 'मीडियन' निवडावं. प्रत्येक ठिकाणच्या वीस किमती क्रमाने लावून मधली घेतली जाते. विमान त्या ठिकाणी एकाच फ्रेमपुरतं होतं, ते टोकाला पडून गळतं. ग्रामसभेत एकट्याने हात वर करणाऱ्याचं जे होतं तेच. उल्काही याच नियमाने गळते, म्हणून ती आधी बाजूला काढून मागाहून चिकटवावी. चिकटवताना बरोबर डोंगराच्या माथ्यावर आली तर तो योगायोग मानावा. तारे सरकतात, जमीन सरकत नाही, तेव्हा जमीन वेगळी कापून ठेवावी. नाहीतर रतनगडाचा खुटा सुळका वीस ठिकाणी उगवतो.

जमिनीला मात्र मीडियन चुकूनही लावू नये. काजवाही त्या जागी एकदाच चमकलेला असतो, तोही गळेल. वीस सेकंदांच्या एका फ्रेममध्ये झाडावर मोजकेच ठिपके पडतात, आणि मोजक्या काजव्यांना लाइक कोण देणार? इथे 'लायटन' निवडावं. प्रत्येक ठिकाणची सर्वांत उजळ किंमत राखली जाते, शंभर फ्रेममधली लुकलुक एकत्र जमते आणि झाड लगडून जातं. तत्त्व लक्षात ठेवायला सोपं आहे: क्षितिजाच्या वर एकदाच चमकलं तर घाण, खाली एकदाच चमकलं तर वैभव. अर्ध्या तासात गेलेली सगळी विमानं वजा, अर्ध्या तासात चमकलेले सगळे काजवे जमा.

जमिनीवरचे टॉर्च आणि मोटारींचे दिवे हा वेगळा ताप. काजव्याचा नर उजेडाने मादीला खुणावतो. त्यात चारचाकीचा हेडलाइट पडला की दोघांचाही गोंधळ होतो आणि झाड विझत जातं. टॉर्चची रेघ पुसता येते, न चमकलेला काजवा आणता येत नाही. (येतो, पण त्या कार्यशाळेची फी वेगळी आहे.)

उरलेसुरले ओरखडे हीलिंग ब्रशने काढावेत. ब्रश रेघेपेक्षा किंचितच जाड ठेवावा, फार जाड ठेवला तर शेजारचे तारेही जातात. बारीकसारीक गेले तर हळहळू नये. वृश्चिकाची नांगी गेली तर मात्र कुणीतरी बोट ठेवणारा निघतोच.

कॅप्शनमध्ये 'निसर्ग, जसा दिसला तसा' लिहावं. कुणी खोदून विचारलंच तर 'जरासा कॉन्ट्रास्ट वाढवलाय' म्हणावं आणि विषय ट्रायपॉडच्या किमतीकडे वळवावा.