कंट्रोलरकाका

सीईटीचे पर्सेंटाईल लागले की आमच्या कराडच्या पेठेत कंट्रोलरकाकांचा सीझन सुरू होतो. काकांची उभी हयात एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेली. माइक सुटला, आवाज तेवढा राहिला. २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली. काका त्यात बसले आणि त्यांनी स्वतःहून एक खातं काढलं : इंजिनिअरिंग कॉलेजांची अचानक तपासणी.

पेठेतले बाप त्यांच्याकडे याद्या घेऊन येतात. कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फॉर्ममध्ये तीनशेपर्यंत पर्याय भरता येतात, आणि आमचे बाप भरतातही. काका यादी लांब धरून वाचतात.

"तीनशे गाड्या लिहिल्यात. एका तरी स्टँडवर उतरून बघितलंय का?"

"काका, कटऑफ बघूनच लावलीय."

"आणि पहिल्या फेरीत पहिल्याच नंबरचं लागलं तर? ते घ्यावंच लागतं. मग पोराला तिथं झोप लागते का, हे कवा बघणार? चौथ्या वर्षी?"

एकानं त्यांना एनआयआरएफचं रँकिंग दाखवलं. काकांनी पाचही निकष समजून घेतले : अध्यापन आणि साधनं, संशोधन, पदवीनंतरचे निकाल, सर्वसमावेशकता आणि लोकमत. शांतपणे विचारलं, "ह्यात मेसची आमटी कशात धरलीय?"

काकांची तपासणीची वेळ ठरलेली. कॉलेजनं रांगोळी काढून पालकांना बोलावलेल्या दिवशी ते फिरकत नाहीत. सबमिशनच्या आठवड्यात, रात्री साडेनऊला जातात. आधी गेटवरच्या वॉचमनला तंबाखू देतात. दोघांचा जन्म ड्युटीत गेलेला, त्यामुळे वॉचमन त्यांना जे सांगतो ते प्राचार्यांनाही ठाऊक नसतं : कुठल्या मजल्यावरचा दिवा पहाटेपर्यंत जळतो, कोण महिनाभर मेसला आलेला नाही, कोण दर शुक्रवारी बॅग भरून स्टँडवर पळतो. मग कॅन्टीन. मग शेवटच्या गाडीची वेळ. "पोराला रात्री आठला घरची आठवण आली, तर गाडी हाय का?" हा प्रश्न त्यांच्या फॉर्ममध्ये अनिवार्य सदरात येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय. काकांच्या खिशात वर्तमानपत्राचं एक कात्रण असतं. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायचा. काका कात्रण टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "कक्ष दाखवा."

एका कॉलेजात पाटी होती, कुलूप होतं, किल्ली शिपायाकडे होती आणि शिपाई रजेवर होता. तासाभरानं दार उघडलं. आत दोन कॅरम बोर्ड, गॅदरिंगचे फ्लेक्स आणि एक मोडका पोडियम.

"समुपदेशक कोण?"

"मेकॅनिक्सचे सर. ॲडिशनल चार्ज आहे त्यांच्याकडे."

"आणि पोरगं मेकॅनिक्समध्येच उडालं, तर त्यानं रडायला कुणाकडं जायचं?"

साहेबांनी पाणी मागवलं.

भिंतीवर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर होता. दिसलेला नंबर लागतो का, हे बघितल्याशिवाय काका पुढं जात नाहीत. फोन लागला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, काय त्रास होतोय? काका म्हणाले, "मला काय नाय, मी पोरांसाठी चौकशी करतोय." त्या मऊ आवाजात म्हणाल्या, पुष्कळ जण अशीच सुरुवात करतात. काका पुढं वीस मिनिटं बोलत होते. काय बोलले ते सांगत नाहीत. "लाइन चांगली हाय," एवढाच अहवाल.

पण खरी तपासणी ह्याच्याही पुढची. कॉलेजवाले काकांना टॉपरला भेटवायला बघतात. काका हात हलवतात. "टॉपर कुठल्याबी गाडीत खिडकीलाच बसतोय. मला तुमचा वायडी दाखवा." वायडी म्हणजे वर्ष गेलेला पोरगा. तो सापडला की काका त्याला चहा पाजतात आणि बघत राहतात. हा मित्रांच्यात जेवतो की खोलीत एकटा? सर त्याला नावानं हाक मारतात की 'बॅकलॉगवाला' म्हणून? संध्याकाळी व्हॉलीबॉलला त्याला कुणी बोलावतं का? एका कॉलेजात असा पोरगा नेटजवळ उभा राहून, ज्युनिअरांना शिव्या घालत, मनसोक्त हसताना दिसला. काकांनी त्या कॉलेजला तिथल्या तिथं पास केलं. कटऑफ विचारायचा राहूनच गेला.

हे सगळं ऐकून बाप मान डोलावतात, आणि घरी जाऊन कटऑफप्रमाणेच फॉर्म भरतात. परवा मात्र शेजारचे एक गृहस्थ काकांना घरी बोलावून हटूनच बसले. म्हणाले, "काका, कॉलेज तुम्ही सांगाल ते. आमची ना नाही."

"मग आता घराची तपासणी."

"घराची?"

"पालकांनाबी जागं करायचे कार्यक्रम घ्या म्हणलंय कोर्टानं. तर सांगा, पोरगा वायडी झाला तर घरात काय होईल?"

"काय व्हायचंय? पोटचा पोरगा आहे. पाठीशी उभे राहू."

आतून भांड्यांचा आवाज थांबला. "प्रिलिमला फिजिक्समध्ये चार मार्क गेले तर आठ दिवस बोलला नव्हता त्याच्याशी," वहिनी म्हणाल्या.

काकांनी चष्मा लावला, डायरी उघडली, आणि जुन्या सवयीनं मोठ्यानं उच्चारत लिहिलं : "शेरा : गाडी रस्त्यावर काढण्यायोग्य नाही. आठ दिवसांत पुन्हा हजर करणे."