पऱ्हाटी आपली, भाव दुसऱ्याचा

जालना जिल्ह्यात दर हिवाळ्यात पऱ्हाटी, म्हणजे कापूस वेचून उरलेली काडी, दोन ठिकाणी जळते. रानात ढीग पेटवला की तिची ऊब कुणालाच मिळत नाही. घरात चुलीत घातली की तिचा धूर भाकरी थापणाऱ्या बाईच्या छातीत जातो. दोन्हीकडे नासाडीच आहे, आणि ती आपण पिढ्यान्‌पिढ्या चालू दिली.

आता पेलेटची चर्चा सुरू झाली आहे. काडीकचरा दळायचा, वाळवायचा आणि यंत्रात दाबून करंगळीहून बारीक कांड्या पाडायच्या. ऑस्ट्रिया-इटलीत लोक लाकडाच्या अशा कांड्यांवर हिवाळाभर घर ऊबदार ठेवतात. जालन्यात घर तापवायची वेळ येत नाही. आपल्याला आग लागते ती अंघोळीच्या पाण्याला आणि दोन वेळच्या स्वयंपाकाला. पण ती बारमाही लागते, त्यामुळे हिशेब मोठा होतो.

तो आधी मांडू. १४.२ किलोच्या गॅस टाकीत साधारण दीड लाख किलोकॅलरी उष्णता असते आणि तिच्यातली साठ टक्के भांड्याला मिळते. तेवढंच काम पंख्याच्या पेलेट शेगडीवर करायला सुमारे ७० किलो पेलेट लागतील. साध्या मातीच्या चुलीवर करायचं तर दोनशे किलोच्या वर पऱ्हाटी लागेल, कारण चुलीची आच बहुतेक भांड्याच्या बाजूने निघून जाते. म्हणजे शेगडी बदलली तर सरपण एक तृतीयांशावर येतं. डोक्यावरचा भाराही तेवढाच हलका होतो. पेलेटच्या बाजूने बोलायला मला एवढं एक कारण पुरे आहे.

आता पैशाची बाजू. २०२५ मध्ये टाकी साडेआठशे रुपयांच्या पुढेमागे होती. त्या भावाशी बरोबरी करायची तर पेलेट १२ रुपये किलोच्या आत मिळायला हवा. त्या वर्षी उज्ज्वला योजनेच्या घराला टाकीमागे ३०० रुपये अनुदान होतं. तिथे पेलेट ८ रुपयांच्या वर गेला की गॅस स्वस्त पडतो. राज्याच्या अन्नपूर्णा योजनेतल्या वर्षाच्या ३ मोफत टाक्या धरल्या, तर त्या ३ टाक्यांपुरता पेलेटचा विषयच संपतो. शेगडी विकणाऱ्याने हे तीन आकडे बाईसमोर ठेवल्याशिवाय तिच्याकडून एक रुपयाही घेऊ नये.

कारण हा धडा महाराष्ट्राने एकदा पैसे मोजून घेतला आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या मदतीने बीपी कंपनीने ‘ऊर्जा’ नावाची पेलेट शेगडी काढली. २००६ पासून महाराष्ट्र-कर्नाटकात ती विकली गेली. पुढे हा व्यवसाय फर्स्ट एनर्जी या कंपनीकडे गेला. ४ लाखांहून जास्त शेगड्या खपल्या. छोटा पंखा, वरून पेटणारी आग, धूर नावाला. वस्तू चांगलीच होती. पण पेलेट बनवायला लागणारा शेतातला काडीकचरा कंपनीला स्वस्तात मिळेनासा झाला आणि पेलेट महागला. नंतर अमेरिकी संशोधकांनी ९९८ घरांची पाहणी केली. ज्यांनी शेगडी घेतली होती त्यांपैकी फक्त ९ टक्के घरांत ती चालू होती. कंपनीने आपला मोर्चा हॉटेलं आणि खानावळींसारख्या मोठ्या गिऱ्हाइकांकडे वळवला. बाया चुलीकडे किंवा गॅसकडे परतल्या.

त्या पाहणीतली आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. शेगडी सगळ्यात जास्त घेतली ती गॅस वापरणाऱ्या घरांनी, पैसे वाचतील म्हणून. धुराचा, तब्येतीचा प्रचार ऐकून खरेदी वाढल्याचं दिसलं नाही. धूर वाईट हे बाईला ठाऊक नाही असं नाही. पण घरात पैशाचा निर्णय कोण घेतो आणि धूर कोण गिळतो, ही दोन वेगळी माणसं आहेत.

पेलेट महागून घेणारा अडकणं युरोपातही घडलं. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, गॅस महागला आणि त्यामागोमाग पेलेटचे भाव दुपटीहून वर गेले. ज्यांनी भरवशाचं म्हणून पेलेट बॉयलर बसवले होते, त्यांनाही तो भाव मोजावा लागला. इंधन विकत घेणारा माणूस बाजाराच्या तावडीतून सुटत नाही, मग ते जमिनीखालून येवो की शेतातून.

आपल्याकडे तो बाजार दारात आला आहे. केंद्राने २०२१ च्या धोरणात औष्णिक वीज केंद्रांना कोळशासोबत ५ टक्के बायोमास पेलेट जाळायला सांगितले आणि पुढे ७ टक्क्यांची पायरी ठेवली. परळीच्या केंद्रासारखी मोठी बॉयलरं पेलेट मागू लागली की पऱ्हाटीला भाव येणार. शेतकऱ्याला चार पैसे मिळाले तर आनंदच आहे. पण आज बांधावरून फुकट मोळी आणणारी भूमिहीन बाई उद्या काय जाळणार? तिच्या नावावर सातबारा नाही, म्हणून पऱ्हाटीच्या व्यवहारात तिचं नावही येत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की गावात पेलेटचं दुकान नको, गिरणी हवी. ज्वारी घेऊन जातो तशी पऱ्हाटी घेऊन जायची, दळणावळीचे पैसे द्यायचे आणि आपलेच पेलेट घरी आणायचे. छोट्या यंत्राला कुट्टी करण्यासकट टनामागे शंभराच्या वर युनिट वीज लागते. त्यात मजुरी आणि यंत्रातल्या साच्याची (डायची) झीज धरली तरी माझ्या अंदाजाने किलोला ४ रुपयांत हे बसावं. ७० किलोचे २८० रुपये होतात, म्हणजे अनुदानाच्या टाकीच्या जवळपास निम्मे. कच्चा माल स्वतःचा असल्यामुळे परळीने काहीही भाव दिला तरी चुलीचा खर्च हलत नाही. भूमिहीन घरासाठी ग्रामपंचायतीने गिरणीतला ठराविक वाटा राखून ठेवावा. हा उपकार समजू नये. कापूस वेचायला त्याच बाया रानात होत्या.

माल कमी पडणार नाही. जिल्ह्यात कापसाखाली दोन लाख हेक्टरांहून जास्त जमीन असते आणि हेक्टरी दोन टन पऱ्हाटी सहज निघते. शिवाय वेळही जुळते. गुलाबी बोंडअळी मोडायची तर डिसेंबर-जानेवारीत फरदड (त्याच झाडांवर पुढे लांबवलेलं पीक) न घेता पऱ्हाटी उपटा आणि बांधावर रचून ठेवू नका, असं कृषी खातं दरवर्षी सांगतं. अळी त्या वाळक्या बोंडांतच दडते. पऱ्हाटी कुट्टी होऊन दाबली गेली की तिचा तो आसरा जातो. कापसाच्या काड्यांच्या पेलेटवर मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने कामही केलेलं आहे. ज्ञान आहे, ते गावापर्यंत पोचलेलं नाही.

अडचणी आहेत आणि त्या झाकून चालणार नाही. पऱ्हाटीत राख लाकडाच्या कितीतरी पट जास्त; शेगडी रोज साफ करावी लागते. पावसाळ्यात पेलेट ओलावले की त्यांचा भुगा होतो, म्हणून कोरडी कोठी हवी. पंख्याची बॅटरी मेली तर शेगडी धूर ओकते, आणि ती दुरुस्त करणारा माणूस जवळपास हवा. भाकरी तव्यावर होते, पण निखाऱ्याला टेकवून फुगवायची सोय या शेगडीत नाही. ज्या घरात बाजरीची भाकरी हेच जेवण, तिथे ही तक्रार किरकोळ नाही. सगळीच पऱ्हाटी उचलली तर आधीच सेंद्रिय कर्ब कमी असलेली आपली जमीन आणखी उघडी पडेल. निम्मी रानातच कुट्टी करून गाडावी, निम्मी गिरणीत आणावी.

आणि गॅस सोडायला मी कुणालाही सांगणार नाही. स्वयंपाकघरात धूर सगळ्यात कमी गॅसचाच. पण उज्ज्वला येऊनही न्हाणीतला बंब आणि अंगणातली चूल सुटलेली नाही, कारण वीस-तीस लिटर पाणी रोज गॅसवर तापवणं परवडत नाही. पेलेटची पहिली जागा तिथे आहे. एका माणसाच्या अंघोळीच्या पाण्याला अर्धा किलो पेलेट पुरतो.

२६ जानेवारीला ग्रामसभा असते आणि तेव्हा पऱ्हाटी रानातच उभी किंवा उपटून पडलेली असते. बदनापूर, अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, कुठल्याही तालुक्यातल्या एका गावाने त्या दिवशी ठराव घ्यावा: गिरणीला जागा, शेतीच्या अवजारांसारखं यंत्राला अनुदान, भूमिहीन घरांचा राखीव वाटा, आणि गिरणी चालवायला महिला बचत गट. मोठ्या बॉयलरसाठी माल उचलणाऱ्या ठेकेदाराची ट्रॉली गावात यायच्या आधी हा ठराव झालेला असावा.