यवहार म्हंजे यवहार

तामलवाडीच्या टोलनाक्यावर गाड्यांची रांग लागली की आमच्या मामांना बरं वाटतं. मग ते शेवंतावर बसतात आणि रस्त्याच्या कडेकडेनं, दुडक्या चालीनं, एकेका गाडीच्या काचेत डोकावत रांगेच्या पुढे निघून जातात. शेवंता ही त्यांची सगळ्यात थोरली घोडी. वय एकवीस, रंग एके काळी पांढरा. नाका ओलांडला की मामा मागे वळून बघतात आणि म्हणतात, "आमाला फास्टॅग लागत न्हाई." नाक्याच्या पलीकडे त्यांचं काहीच काम नसतं. जरा पुढे जाऊन ते परत येतात.

मामांच्या लेखी जगात दोनच जाती आहेत, शिलेदार आणि बारगीर. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा घेऊन यायचा तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारातून मिळायचा तो बारगीर. इतिहासातलं एवढंच मामांनी पक्कं धरून ठेवलंय. बँकेचं कर्ज काढून गाडी घेणारा प्रत्येक जण त्यांच्या मते बारगीर. माझ्या गाडीचे सदतीस हप्ते राहिलेत हे त्यांना ठाऊक असल्यामुळे मी गेलो की ओसरीवरूनच आवाज येतो, "या बारगीर. ऊन लागलं असंल."

असा एक माणूस प्रत्येक गावात असतो. कुणाकडे कबुतरं असतात, कुणाकडे शर्यतीचे बैल, कुणाकडे वीस वर्षं चालू न झालेली राजदूत. आणि विचारलं की तो कधीच म्हणत नाही, मला आवड आहे. म्हणतो, धंदा आहे. मामांचं वाक्य ठरलेलं आहे. "मया-बिया काय न्हाई पावनं. यवहार म्हंजे यवहार." या व्यवहाराची एक लाल वही आहे. तिच्यात डाव्या पानावर जमा, उजव्या पानावर खर्च. डावं पान कायम कोरंच राहतं म्हणून मामी त्यावर दुधाचा हिशोब लिहितात.

मामांची जनावरं पाच. शेवंता, काळी काजळ, एकमेकींशिवाय राहू न शकणाऱ्या आणि एकमेकींना चावल्याशिवायही न राहणाऱ्या थोरली जाऊ नि धाकटी जाऊ, आणि पाचवा तलाठी. हाक मारली की येत नाही म्हणून त्याचं नाव तलाठी. मध्यंतरी सरकारनं तलाठ्यांना ग्राम महसूल अधिकारी केलं, तेव्हा आपणही नाव बदलावं असं मामांच्या मनात आलं होतं. पण एवढं लांब नाव पुरं होईस्तोवर घोडं शेजारच्या हरभऱ्यात पोचतं. एकदा मी ऑफिसात असताना मामांचा फोन आला, "तलाठ्याला सकाळधरनं जुलाब लागल्यात, आन जवळ गेलं की लाथा मारतोय." मी स्पीकरवर बोलत होतो. आमच्या साहेबांचे सासरे तलाठी होते.

५८ इंचांच्या आतलं ते तट्टू, असा जगभरचा हिशोब आहे. मामांचं सगळ्यात उंच जनावर ५१ भरतं. पण तट्टू शब्दाची त्यांना लाज नाही. राग आहे तो मराठी भाषेवर. "भाड्याचं तट्टू काय, अडेलतट्टू काय! घोडं आडतं ते बगून आडतं. मानूस न बगताच आडतो." भीमेच्या खोऱ्यातली ही काटक, थोड्या चाऱ्यावर मैलोन्‌मैल चालणारी भीमथडी तट्टं. मराठ्यांची फौज त्यांच्यावर फिरली. फौज गेली, पण धनगरांचं बिऱ्हाड अजून त्यांच्याच पाठीवर फिरतं. भांडीकुंडी, घोंगड्या, वर पाय बांधलेल्या दोन कोंबड्या. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोनं भीमथडीची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. ती बातमी मामांनी कापून गोठ्याच्या खांबाला, जनावरांच्या डोळ्यांच्या उंचीवर, पिठाच्या खळीनं चिकटवली. दुसऱ्या दिवशी थोरल्या जावेनं ती खाल्ली. खळीसाठीच खाल्ली असणार, पण मामा म्हणाले, "कागद पचिवला तिनं. आता कोन न्हाई म्हनतंय?"

तामलवाडीला मुक्काम केला तर पहाटे चारला जाग येते ती बादलीच्या कडीच्या आवाजानं. आधी पाणी, मग चंदी. रात्री भिजवलेला हरभरा तोबऱ्यात, तोबरा तोंडाला. मग घरच्या ज्वारीचा कडबा, बारीक करून आणि झटकून. हा क्रम मोडला की पोटशूळ. "घोड्याला ओकता येत न्हाई पावनं. आत गेलं ते गेलं." हे मात्र खरं आहे, मी खात्री करून घेतली. त्यामुळे दुसरं कुणी सकाळी पेपर बघावा तशी मामा लीद बघतात. हिरवी-पिवळी हवी, गोळा बांधलेली हवी, आणि जमिनीवर पडली की फुटायला हवी. तिथं समाधान झालं की त्याच मायेनं ते पाहुण्यांकडे वळतात. आमच्या घरातल्या नव्या जावयाला पहिल्या मुक्कामात सकाळी सहा वाजता, चार माणसांत, मामांनी विचारलं होतं, "पोट साफ हाय न्हवं? कसं झालं?" जावई अजून आमच्याकडे मुक्कामाला येत नाहीत.

त्यांची पसंतीही मामांनीच केली होती. मुलाकडचे चहा पीत असताना मामा मागून जाऊन मुलाच्या डोक्यावरचा भोवरा बघून आले. घोड्याला भोवरा कुठं आहे यावर घरादाराचं बरंवाईट ठरतं. गळ्यावरचा देवमण शुभ, बाकी कित्येक असे की फुकट दिलं तरी जनावर घेऊ नये. मग त्यांनी मुलाला हसवून त्याचे दात पाहिले, अंगणात कारण नसताना नळापर्यंत चालवलं, आणि आत येऊन निकाल दिला. "दात बरोबर हाईत, वय खरं सांगितलंय. चाल बरी हाय. नजर जरा बुजरी, पर ती सवयीनं जाईल." बायकांनी तोंडाला पदर लावले. खरं सांगायचं तर पुढच्या दहा वर्षांत यातला एक शब्द चुकला नाही.

मी जवळून बघतो तो खरारा. शेवंताच्या मानेपासून मामा सुरुवात करतात, गोल गोल, मग केसांच्या वळणानं लांब हात. धुळीचा, घामाचा, वाळल्या कडब्याचा एक वास उठतो. खांद्याच्या वरच्या उंचवट्याशी हात आला की शेवंता मान पुढे काढते, डोळे अर्धे मिटते, आणि तिचा खालचा ओठ लोंबायला लागतो, बारीक थरथरतो. त्याच वेळी मामांचाही लोंबतो. दोघांना हे माहीत नाही. मामींना माहीत आहे. त्या चुलीपाशी बसून मला खुणावतात, "बगा आता, व्हट बगा."

व्यवहाराची मुख्य बाजू म्हणजे लग्नाच्या वराती. तुळशीचं लग्न लागलं की मामा खोगिराला तेल लावतात. अडचण एवढीच, की गिऱ्हाइकाला आता उंच, गुलाबी कातडीची नुकरी घोडी लागते, मोबाइलमधल्या लग्नात असते तशी. मामांच्या शेवंतावर जरा लांबोडा नवरदेव बसला की त्याचे जोडे रस्ता झाडत जातात. तक्रार आलीच तर मामा म्हणतात, "नवरदेव उच निगाला, यात घोडीची काय चूक?" एकदा तर भर वरातीत शेवंता थांबली. चारी पाय रोवून. डीजेचा ट्रक पुढं गेला, नाचणारे पुढं गेले, करवल्या पुढं गेल्या. शेवटी नवरदेवाला मेव्हण्याच्या मोटारसायकलवर बसवून नेलं. मामांनी वाकून पाहिलं तर रस्त्यात डीजेची केबल पडली होती, एके ठिकाणी सोललेली. ती त्यांनी बाजूला केली, शेवंताला गूळ दिला आणि दोघं निवांत मांडवात पोचले तेव्हा अक्षता पडून जेवणाची दुसरी पंगत बसली होती. वरातीमागून घोडे ही म्हण मी जन्मभर वापरत आलो. पाहिली त्या दिवशी.

दरवर्षी मामा विकायला म्हणून बाजाराला जातात. कधी दिवाळीत अकलूजला, कधी मार्गशीर्षात माळेगावला, खंडोबाच्या जत्रेला. एकदा मीही टेम्पोत होतो. धाकटी जाऊ विकायची होती. गिऱ्हाईक आलं, उपरण्याखाली बोटं धरली गेली, सौदा जवळपास जुळला. मग त्या माणसानं दात बघायला तिचा जबडा जरा जोरात उघडला. मामांनी उपरण्याखालचा हात काढून घेतला. "ही इकायची न्हाई. नुस्ती फिरायला आनलीय." दोनशे किलोमीटर, टेम्पोनं, फिरायला. संध्याकाळी ते दिसेनात म्हणून शोधत गेलो तर एका कडेला बसून बरगड्या मोजता येतील अशा एका वर्षभराच्या शिंगराला तळहातावर भिजका हरभरा चारत होते. तोच पुढं तलाठी झाला. परतताना टेम्पोत चौघं बसलो. मी, मामा आणि दोन तट्टं. मी म्हणालो, "मामा, व्यवहार?" ते बाहेर बघत म्हणाले, "सस्तात पडलं."

एका बाबतीत मात्र मामा खरोखर कडक आहेत. ती म्हणजे नाल. काळ्या घोड्याची नाल शनीला चालते म्हणतात, म्हणून काजळच्या नालेला साडेसातीवाल्यांची रांग असते. पाच-सहा आठवड्यांनी नालबंद येतो, चार नाला निघतात, आणि मागणी चाळीसांची. जावांच्या जुन्या नाला देऊन मोकळं व्हावं, कुणाला कळणार, असं मी सुचवलं तेव्हा मामांनी माझ्याकडे सोललेल्या केबलकडे बघावं तसं पाहिलं. वहीत नंबर लावलेत. ज्यांची साडेसाती नंबर यायच्या आधी संपते, ते येऊन नाव खोडून जातात.

तलाठ्याची शाळा आम्ही सगळ्यांनी मिळून घेतली. पहिली तीन वर्षं मामांनी त्याच्या पाठीवर माशी बसू दिली नाही. नुसता लांब दोर आणि गोल फिरवणं. मग पाठीवर रिकामं पोतं टाकायचं, काढायचं, टाकायचं. मग पोत्यात वाळू. काही जमलं की गूळ, पण लगेच, पापणी लवायच्या आत. "उशिरा दिला तर तेला वाटतं, गूळ उभं राहन्याचा हाय." तळहात सपाट, नाहीतर बोट जातं. आणि मानेवर दोन थापा, "शाब्बास."

गर्दीची शाळा फुकट होती. अश्विनी पौर्णिमेला सोलापूरहून लाखो माणसं तुळजापूरला चालत जातात, ती तामलवाडीवरूनच. मामा रात्रभर तलाठ्याला रस्त्याच्या कडेला घेऊन उभे राहतात. आई राजा उदो उदोचा गजर, संबळ, बॅटऱ्या, शिट्ट्या, रडणारी पोरं. कुणी त्याला कुंकू लावतं, कुणी पायावर नाणं ठेवतं. पहिल्या वर्षी तो दोनदा चौखूर उधळला, दुसऱ्या वर्षी एकदा, तिसऱ्या वर्षी उभ्या उभ्या झोपला. मामांचं लक्ष मात्र यात्रेकरूंच्या पायांकडे. एखादा लंगडताना दिसला की त्याला खाली बसवून, "टाच उचला," म्हणून पाय मांडीवर घेतात, खुरातला खडा बघावा तसा फोड बघतात आणि वर म्हणतात, "धा दिस आराम. चढावर न्यायचं न्हाई." समोर आई भवानीचा डोंगर.

राहिला होता तो नवरदेव. गेल्या पाडव्याला तलाठ्याला पाचवं लागलं आणि मी नेमका पुरणपोळी खायला गेलो. जेवण झाल्यावर मामांनी मला पायांपासून वर बघितलं.

"किती किलो?"

"अठ्ठ्याहत्तर."

"नवरदेव एवडाच असतोय आजकाल. बसा."

मामींनी कुठल्याशा लग्नातल्या मुंडावळ्या आणल्या. मामांचा फेटा माझ्या डोक्याला सैल झाला. कट्यार म्हणून हातात उलथनं दिलं, टोकाला लिंबू खोचून. कॉलेजातल्या नातवानं ब्लूटूथचा डबा लावला, धाकटी पोरं पत्र्याचे डबे बडवू लागली, मामी परात. माझं वय बावन्न. रस्त्यानं जाणाऱ्या एका म्हातारीनं थांबून विचारलं, "कुनाचं लगीन हो?" मामी म्हणाल्या, "घोड्याचं."

तलाठ्याचा एक कान माझ्याकडे होता, एक डब्याकडे. कुणीतरी लांब लवंगी लावली. त्याच्या खांद्यावरची कातडी शहारली, ती मला माझ्या गुडघ्याला कळली. मामा पुढे लगाम धरून उभे होते, पण ओढत नव्हते, नुसते उभे. म्हणाले, "हालू नगं. श्वास सोड." मी श्वास सोडला. त्यानंही सोडला, नाकातून, फुर्रर्र करून, आणि पहिलं पाऊल टाकलं.

मारुतीच्या देवळापर्यंत आमची वरात गेली आणि परत आली. अंगणात मी उतरलो. मामांनी खिशातून गुळाचा खडा काढून दाढेखाली फोडला. अर्धा तलाठ्याच्या तोंडापुढे धरला. त्याच्या कपाळाकडे बघता बघता उरलेला अर्धा, सपाट तळहातावर, माझ्यापुढे आला. माझ्या मानेवर दोन थापा पडल्या.

"शाब्बास."

मी तो खाल्ला.